चुकांची शिकवणी

“त्या बाईला सांग, धने रगडल्याशिवाय पेरत न्हाईत!”

खिडकीतून आवाज आला आणि माझ्या हातातली धन्यांची वाटी हातातच राहिली. आत्याबाई मागच्या दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या, त्यांच्या मांडीवरचं सूप कलंडलं. आम्ही सासू-सुना एकमेकींच्या तोंडाकडं बघत राहिलो. आवाज माझ्या सासऱ्यांचा, मामंजींचा होता. गणपती उठल्यापासून “पाणी दे” आणि “दार लोट” यापलीकडं एक शब्द त्या माणसाच्या तोंडून बाहेर पडला नव्हता.

झालं होतं असं. पावसाच्या तोंडावर परड्यात दोडक्याचा मांडव घालताना मामंजी घसरून पडले आणि मांडीचं हाड मोडलं. परडं म्हणजे आमच्याकडं घरामागची जागा. कृष्णाकाठची काळी माती, कडेला विहीर, आणि मामंजींचा हात. गावात त्याला ‘बळवंतआण्णाचं परडं’ म्हणूनच ओळखायचे. दसऱ्यापासून होळीपर्यंत आमच्या घरात बाजारची भाजी कधी आली नाही. तर ते हाड सांगलीला ऑपरेशन करून बसवलं, आत सळई घातली, सगळा पावसाळा खाटेवर गेला. मग डॉक्टरांनी फोटो बघितला आणि म्हणाले, “हाड झकास जुळलंय, आता काठी घ्या आणि चाला. आता उठला नाहीत तर पाय आखडेल, आणि मग मलाही काही करता येणार नाही.”

घरी आल्यावर मामंजी उठले. उंबऱ्यापर्यंत गेले आणि तिथंच कोसळले. गल्लीतल्या माणसांनी धावत येऊन त्यांना उचललं, खाटेवर आणून ठेवलं. लागलं काहीच नाही, पण ते उचलणं जिव्हारी लागलं. “आता परत चौघांनी उचलायचं ते एकदाच,” एवढं बोलून त्यांनी भिंतीकडं तोंड फिरवलं. माझ्या नवऱ्यानं विनवण्या केल्या, आत्याबाई रडल्या, मामंजींचे जुने दोस्त येऊन समजावून गेले. भिंत काही बोलेना.

आता माझं सांगते. मी मिरजेची, रेल्वेच्या चाळीत वाढलेली. माहेरी तुळशीला पाणीसुद्धा आईच घालायची. मला शेतीतलं ओ का ठो कळत नव्हतं. पण मला सुतकी घरात राहता येत नाही. माणूस जिवंत असताना घरात हळू बोलायचं, भांडं वाजू द्यायचं नाही, हे माझ्याच्यानं होईना. परड्यात गवत कमरेएवढं वाढलेलं, दोडक्याचा वेल मांडवावर वाळत चाललेला. ते बघून आत्याबाई रोज पदर डोळ्याला लावायच्या. शेवटी एक दिवस मी साडी खोचली, खुरपं घेतलं, खिडकीसमोरचा एक तुकडा साफ केला आणि स्वयंपाकघरातले धने आणून पेरायला बसले. तिथं हा आवाज आला.

“रगडायचे म्हणजे काय?” मी आत्याबाईंना विचारलं.

“रगडायचे म्हणजे काय, विचारतीय,” आत्याबाईंनी खिडकीला सांगितलं.

हे असंच चालायचं. लग्नाचं दुसरं वर्ष चालू होतं, पण मामंजी माझ्याशी थेट कधी बोलले नव्हते आणि मी त्यांच्याशी नाही. राग नव्हता हो, रीत होती. सासऱ्यानं सुनेला काही सांगायचं तर सासूमार्फत, आणि सुनेनं उत्तर द्यायचं तेही सासूमार्फत. दोघंही एकमेकांचं स्वच्छ ऐकतोय, तरी मधे आत्याबाई पाहिजेतच.

“डोस्कं!” खिडकी म्हणाली. “एका धन्यात दोन बिया असत्यात. पायताणाखाली रगडायचं, दोन फाकी करायच्या, मग पेरायचं. मिरजेत कोथमीर दुकानातच उगवत असंल म्हणावं!”

मला राग आला. असा आला की कानशिलं तापली. आणि त्याच वेळी इतका आनंद झाला की ती वाटी छातीशी धरून मी तिथंच उभी राहिले. कारण मी खिडकीतून आत बघितलं होतं. मामंजींचं तोंड भिंतीकडं नव्हतं.

संध्याकाळी नवरा कारखान्यातून आला तेव्हा त्याला मी सगळं सांगितलं.

“आण्णा बोलले? एवढं सगळं बोलले?” दिनकर चप्पल काढायचंच विसरला.

“मला शिव्या घातल्या.”

“वा! आणखी काय पाहिजे!”

“म्हणूनच ठरवलंय,” मी म्हटलं. “मी चुकले की ते बोलतात. मग मी रोज चुकणार. चुकून चुकून त्यांना खाटेवरून उठवते की नाही बघ.”

दिनकर हसला. “हा बेत आईला सांगू नको. तिच्या पोटात काही राहत नाही.”

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या तयारीनं चुकायला गेले. मेथी घेतली, वाफ्यात मूठमूठ भिरकावली, वर हातानं माती सारखी केली आणि झारीनं हलकं पाणी दिलं. एवढं मनाला येईल तसं केलं म्हणजे नक्की चुकलं असणार, असं धरून मी कान देऊन बसले. खिडकीतून हूं नाही की चूं नाही. वाट बघून बघून पाय अवघडले. नंतर कळलं, मेथी तशीच फोकून पेरतात. मी नेमकं बरोबर केलं होतं! असा वैताग आला म्हणता! चुकायलासुद्धा अक्कल लागते, आणि माझ्याकडं ती नव्हती.

मग मी कुंपणाशी गेले. पलीकडं गिरजाकाकूंचं परडं. बाई जात्याच तरबेज. भाजी अशी पिकवायच्या की मामंजी सोडून कुणाला ऐकायच्या नाहीत.

“काकू, मला शिकवा.”

“काय शिकवू?”

“परड्यात काय काय चुकतं ते.”

काकूंनी मला आपादमस्तक न्याहाळलं. “ऊन लागलं काय गं तुला?”

मी सगळं सांगितलं. ऐकता ऐकता काकूंनी पदराचा बोळा तोंडात कोंबला, पण हसू काही थांबेना. डोळे पुसत म्हणाल्या, “आगं, माझ्या उभ्या जन्मात चुका शिकायला कोण आलं न्हाई. ये, बस. आधी बरोबर काय ते शिकावं लागंल हं. त्याबिगर चूक उठून दिसायची न्हाई.”

अशी आमची शिकवणी सुरू झाली. सकाळी पाण्याला गेलं की काकू मांडवामागच्या विहिरीवर मला बरोबर काय ते सांगायच्या, मी ते घोकायचे आणि परड्यात येऊन त्याच्या उलट करायचे. कुजलेलं शेणखत मातीत मिसळावं, ताजं शेण घालू नये, त्यानं हुमणीची अळी लागते आणि मुळं पोळतात, हे कळलं. मी गोठ्यातलं ताजं शेण पाट्या भरभरून ओतलं.

“कच्चं शेण घालतीय काय ती?” खिडकीतून आवाज. नुसता आवाज नाही, मामंजी कोपरावर रेलून बघत होते. “आगं, तिला सांग, उकिरड्याच्या तळातलं काढ म्हणावं! काळं, चहाच्या पुडीसारखं!”

“काळं काढ म्हणतात,” आत्याबाई.

“बरं म्हणावं,” मी, आणि पाटी उचलून पुन्हा गोठ्यातलं ताजंच शेण भरायला लागले.

माझा खरा विजय मुळ्यानं झाला. मुळा जिथं पेरायचा तिथंच वाढवायचा असतो, त्याचं रोप उपटून दुसरीकडं लावलं तर मुळी वाकडी होते, फाटे फुटतात. हे काकूंनी सांगितल्यावर मी खिडकीखाली गेले आणि ठणकावून म्हटलं, “आत्याबाई, मी मुळ्याचं रोप टाकलंय हं! चांगलं वितभर झालं की उपटीन आणि सगळ्या परड्यात लावीन!”

आत खाट करकरली.

“काय म्हणाली?”

“मुळ्याचं रोप टाकलंय म्हणती,” आत्याबाई बिचाऱ्या.

“मुळ्याचं रोप!” मामंजी किंचाळले. “मुळ्याचं कधी रोप असतंय? उद्या गाजराची कलमं करंल ही! कुणी दिली आपल्यात ही पोरगी, कुणी दिली?”

“तुम्हीच बघितली हो,” आत्याबाई म्हणाल्या.

मी खाली मान घालून हसू दाबत होते. हळूच डोळा वर केला. मामंजी खाटेवर ताठ बसले होते, आणि पाय खाली सोडले होते. जमिनीला टेकवले होते! रात्री दिनकरला सांगताना मला रडू आलं. माझे डोळे पुसत तो म्हणाला, “प्रमिला, काही कर, पण चुकायचं थांबू नको.”

पण पुढं गाडं अडलं. वांग्याची रोपं भर दुपारच्या उन्हात लावली, ती माना टाकून पडली, तरी आतून एकच वाक्य आलं. “बाईला सांगून उपयोग न्हाई. सोडून द्या परडं. जाऊ दे सगळं.” मी लसणाचा वाफा लावला. लसणाची पाकळी लावताना टोक वर ठेवायचं असतं. मी टोकं खाली करून अख्खा वाफा भरला. पण माझं नशीब बघा, वाफा नेमका मांडवामागं, खिडकीतून दिसतच नव्हता. एवढी सुंदर चूक फुकट गेली. मी खिडकीखाली येऊन तीनतीनदा मोठ्यानं लसणाचं नाव घेतलं. आतून उत्तर नाही. बघते तर मामंजी पुन्हा भिंतीकडं वळून निजलेले.

मला भीती वाटली. खरीच वाटली. आत्याबाई रोज पायाला तेल लावायच्या, त्या म्हणाल्या, “गुडघा वाकंना झालाय गं आता.” डॉक्टरांचे शब्द माझ्या कानात वाजायला लागले. चाळीस वर्षं पहाटे उठून त्या मातीत उतरणारा माणूस आमच्या डोळ्यांदेखत खाटेचा होणार होता.

मी काकूंकडं गेले. “मोठी चूक सांगा. असेल नसेल ती सगळ्यात मोठी.”

काकू हसल्या नाहीत. कुंपणाशी वाकून म्हणाल्या, “बाकी कायपण कर, पण मांडवावरच्या त्या दोडक्याला हात लावू नको. आण्णानं खाटेवरनं सांगून तुझ्या सासूकडनं चिंधी बांधून घेतलीया बघ, त्याला. बियाला राखलाय तो. आण्णाच्या आईच्या हातचं बी हाय, दर साली एक दोडका वेलावरच वाळवून धरत आलाय. तो गेला की वाण गेला.”

मी मांडवाकडं बघत राहिले. काकूंनी माझ्याकडं बघितलं आणि त्यांचा चेहरा उतरला. “आगं ए...”

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. आमच्याकडं त्या दिवशी विळे, खुरपी, कुदळी सगळं धुऊन, हळदकुंकू लावून पूजेला मांडतात. एकदा मांडलं की दसऱ्यापर्यंत त्याला हात लावायचा नाही. हत्यारांना त्या दिवशी सुट्टी. मामंजींच्याच खोलीत, त्यांच्या खाटेच्या पायथ्याशी आत्याबाईंनी सगळं मांडलं होतं, झेंडूची फुलं वाहिली होती. मामंजींनी वळून बघितलंही नव्हतं.

मी खोलीत गेले, पूजेतला विळा उचलला आणि झेंडूच्या पाकळ्या सांडत मागच्या दारानं बाहेर आले.

“आगं बाई! आगं ए!” आत्याबाई ओरडल्या. त्यांना खरंच काही माहीत नव्हतं. “पूजेतला विळा! अहो, ऐकलं का, पूजेतला विळा घेऊन गेली ही!”

“आत्याबाई,” मी मांडवाखालून ओरडले, “हा दोडका पार वाळून गेलाय! कशाला ठेवायचा? सगळा वेलच काढून टाकते आज, मांडवावर सावलीला गव्हाचं काड पसरते!”

“अहो, चिंधीचा दोडका कापती हो! आईंचा दोडका!” आत्याबाईंचा आवाज फाटला.

मी घराकडं पाठ केली. डाव्या हातात दोडका धरला, उजव्यात विळा. कापणार नव्हतेच हो मी, हात तुटला असता तरी कापला नसता. पण पाठ फिरवून उभी राहिले, कारण मला बघायचं धाडस नव्हतं. आत खाट करकरली. मग काहीच नाही. मग खुंटीवरची काठी काढल्याचा आवाज. काठी जमिनीवर टेकली. पाय घासला. पुन्हा काठी. पडले तर? माझ्यामुळं परत पडले तर कुठं तोंड दाखवू? वळावं, पळत जावं, हात द्यावा, असं शंभरदा मनात आलं. पण मी वळले असते तर त्यांनी माझा हात धरला असता आणि परत खाटेवर जाऊन बसले असते. मी वळले नाही. काठी उंबऱ्यावर वाजली. मग पायरीवर. मग मातीत तिचा आवाज येईनासा झाला आणि मला फक्त श्वास ऐकू यायला लागला, जवळ, आणखी जवळ.

“ए पोरी.”

आत्याबाईंना नव्हे. खिडकीतून नव्हे. माझ्या पाठीमागून, मला.

“विळा खाली ठेव.”

मी वळले. मामंजी मांडवाची मेढ धरून उभे होते. पाय थरथरत होते, धोतराचा सोगा मातीत लोळत होता, आणि डोळ्यांत असा संताप होता की माझ्या जन्मात मी तसा बघितला नाही. मला तो माणूस त्या क्षणी देवासारखा दिसला.

“ठेवते, मामंजी,” मी म्हटलं, आणि विळा ठेवता ठेवता भोकाड पसरलं.

“रडतीस कशाला? मी रडायला पाहिजे! शेण कच्चं, वांगी उन्हात, वाफ्याला उतार न्हाई! आणि खंडेनवमीला हत्यार चालवतीस! तुझ्या बापानं...” बोलता बोलता ते पुढं सरकत होते, काठीनं माती उकरत होते, एकेक वाफा बघत होते. आत्याबाई मागं मागं हात पसरून चालल्या होत्या, पण मामंजींना धरायची हिंमत त्यांनाही होईना. मामंजी मांडवामागं पोचले. विहिरीच्या कट्ट्यावर टेकले. काठीच्या टोकानं लसणाची एक पाकळी वर काढली. बघितली. दुसरी काढली. मग तिसरी. मग वाकून हातानंच काढायला लागले आणि थांबले.

“सगळा लसूण उलटा?”

“हो.”

“एक पाकळी सुलटी न्हाई?”

मी पदराचं टोक पिळायला लागले.

“ज्याला कळत न्हाई,” मामंजी सावकाश म्हणाले, “त्याच्या हातनं निम्म्या पाकळ्या चुकून सुलट्या पडत्यात. एकजात उलटा लसूण लावायला माणूस जाणता लागतोय.”

मी मान वर केली नाही. तेवढ्यात कुंपणापलीकडून गिरजाकाकूंचं हसू फुटलं. किती वेळ दाबून धरलं होतं कोण जाणे.

“गिरजे! तू व्हय हिची मास्तरीण?”

“पोरगी हुशार हाय, आण्णा!” काकू कुंपणावरून ओरडल्या. “एक चूक चुकायची न्हाई!”

मामंजींच्या मिशा हलल्या. आधी मला वाटलं चिडले. मग ते हसायला लागले, खोकेपर्यंत हसले, आणि आत्याबाई काही न कळता हसत रडायला लागल्या.

“मामंजी,” मी धीर करून विचारलं, “लसूण आधी दिसला असता तर?”

“तर कशाला उठलो असतो? निजून गंमत बघितली असती.” त्यांनी हातातली पाकळी टोक वर करून मातीत खोचली आणि माझ्याकडं बघितलं. “बरं झालं, वाफा मांडवामागं घातलास. आता बस इथं. ह्या सगळ्या सुलट्या कर.”

त्या दिवसापासून आमच्या घरात मधल्या निरोपाची गरज संपली. मामंजी सकाळी काठी घेऊन विहिरीच्या कट्ट्यावर येऊन बसायचे आणि तिथून मला थेट शिव्या घालायचे. ताजं शेण सगळं उपसलं. वांग्याची नवी रोपं काकूंकडून आणून दिवस मावळताना लावली. मुळा, गाजर, पालक, पावटा, वाटाणा, एवढं लावलं की जागाच उरली नाही. दिवाळीत त्यांनी काठी कट्ट्यावर ठेवून एक वाफा स्वतः खुरपला. डॉक्टरांनी पाय वाकवून बघितला आणि विचारलं, “कोणता व्यायाम केलात?” मामंजी म्हणाले, “सून सांभाळली.”

आणि भोगी आली. भोगीला घरोघरी मिसळीची भाजी करतात, वांगी, गाजर, पावटा, हरभऱ्याचे घाटे, सगळं एकत्र, वर तीळ. त्या दिवशी मामंजींनी मला पहाटेच उठवलं. आम्ही दोघांनी टोपली भरली. मी उचलायला वाकले तर म्हणाले, “हात लावू नको,” आणि टोपली डोक्यावर घेऊन ते गल्लीत निघाले. काठी घरीच. घराघरात थांबून भाजी देत, “आमच्या परड्यातली हाय, घ्या,” म्हणत मारुतीच्या देवळाच्या कोपऱ्यापर्यंत गेले. मी दारात उभी होते. भरल्या गल्लीत बायका पाणी भरत होत्या, पोरं शेकोटीला बसलेली. तेवढ्यात कोपऱ्यावरून, सगळ्या गावाला ऐकू जाईल अशी मामंजींची हाक आली.

“प्रमिला!”

गल्लीतल्या बायकांच्या घागरी जागच्या जागी थांबल्या. सासरा सुनेला, नावानं, चारचौघांत! आमच्या गावात असं कधी कुणी ऐकलं नव्हतं.

“पोरी, टोपली संपली! दुसरी भरून आण! पदर-बिदर राहू दे, पळत ये!”

मी पळत गेले.